गाडीचं दुखणं : पिकअप पाहिजे आणि ॲव्हरेजही

या वेळी आलेली निम्मी पत्रं एकाच मागणीची आहेत, म्हणून ट्रॅक्टर आणि स्कूटरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी. मागणी अशी : गाडीने प्यावं कमी आणि पळावं जास्त. माझी आई म्हशीबद्दल हेच म्हणायची, पेंड कमी आणि दूध जास्त. तशी म्हैस बाजारात मिळते, पण ती तशीच जन्मलेली असते. गोठ्यातल्या म्हशीला वरून काही बांधून ती तशी होत नाही. तिला ताप आला असेल तर तो उतरवता येतो आणि गेलेलं दूध परत आणता येतं. पत्रं वाचताना ही म्हैस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

प्रश्न : माझी २०१४ ची १२०० सीसी पेट्रोल गाडी आहे, रनिंग ९८ हजार. हायवेला १८ द्यायची, आता १३ वर आलीय. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागली की दम टाकते, दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. दोन वर्षांपूर्वी याच घाटात गरम झाली होती, तेव्हा मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. तेव्हापासून तो त्रास अजिबात नाही, काटा कधी वरच जात नाही. आता एकजण पाण्यापासून हायड्रोजन करणारं किट १८ हजारांत बसवून देतो म्हणतोय. ॲव्हरेज ३० टक्के वाढेल आणि पिकअपही, असं सांगतो. बसवू का?
— एक वाचक, विटा

उत्तर : किट बसवू नका. तुमच्या गाडीचं दुखणं तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त ते सुख म्हणून लिहिलंय. त्याच्याकडे येतोच, आधी १८ हजार वाचवू.

या किटमध्ये एक डबा असतो. त्यात पाणी आणि थोडा क्षार. बॅटरीची वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि नळीने इंजिनात जातात. इथवर सगळं खरं आहे, काचेच्या डब्यात बुडबुडे दिसतातही, आणि ते बघूनच माणूस भुलतो. पण वीज आली कुठून? अल्टरनेटरकडून. अल्टरनेटर कोण फिरवतं? तुमचंच इंजिन, तुमचंच पेट्रोल जाळून. आता हिशोब मांडू. १०० रुपयांच्या पेट्रोलमधून इंजिनाच्या शाफ्टवर साधारण २८ रुपयांचं काम येतं, बाकीची उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर. त्या २८ ची वीज करताना अल्टरनेटर १७ च्या आसपास देतो. विजेचा वायू करताना १० उरतात. तो वायू परत त्याच इंजिनात जाळला की पुन्हा २८ टक्केच हाती, म्हणजे तीन रुपयेही नाहीत. शाफ्टवरचे २८ देऊन ३ घेणारा धंदा विट्यात कुणी करत असेल तर मला भेटायचंय त्याला.

शिवाय वायू तयार होतो तो किती? २० अँपिअरचं किट धरा, म्हणजे २४० वॉट वीज. तुमची गाडी ८० च्या वेगाने १८ चं ॲव्हरेज देत जाते तेव्हा पेट्रोलची उष्णता सुमारे ४२ हजार वॉटच्या दराने जळत असते. त्यात वायूची भर दीडशे वॉटच्या आत. हजारात तीन-चार. पंक्तीच्या आमटीत एक चिमूट जिरं.

मग ज्यांनी बसवलंय ते शपथेवर सांगतात ते काय? ते खोटं बोलत नाहीत. एक तर बऱ्याच किटसोबत छोटी चिप येते. ती ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, फसवते, ईसीएम पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण पातळ होतं. दुसरं म्हणजे १८ हजार मोजलेला माणूस महिनाभर एक्सलेटरवर पाय ठेवतो तो अंड्यावर ठेवल्यासारखा. तेवढ्यानेच ॲव्हरेज वाढतं.

पातळ मिश्रणाचा धडा मी स्वतः शिकलोय. एसटीच्या वर्कशॉपला नवा लागलो होतो, हात शिवशिवत असायचे. मेहुण्यांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी गुंडी, काढला आणि वायरमधली तांब्याची एक बारीक तार त्याच्या भोकात अडकवून दिली. ११ देणारी गाडी १४ द्यायला लागली. मेहुणे घरी पेढे घेऊन आले. दोन महिन्यांनी जेजुरीला जाताना गाडी तीन सिलिंडरवर आली, फट् फट् करत कशीबशी परत आणली. हेड उघडलं तर एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून गेलेला, उंदराने भाकरीची कड कुरतडावी तसा. व्हॉल्व्ह, हेडचं फेसिंग, गॅसकेट, मजुरी. वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च झाला. पेढ्यांचा विषय आमच्या घरी अजून निघतो.

आता तुमचा थर्मोस्टॅट. तो इंजिनातला दारवान आहे. इंजिन थंड असेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, ८२ ते ८८ अंशांच्या आसपास दार उघडतो. तुमच्या गाडीला दारवानच नाही. त्यामुळे हायवेला समोरून वारा लागला की पाणी ५५-६० वर रेंगाळत असणार, थंडीत त्याहून खाली. ईसीएमला हे सेन्सरमधून कळतं आणि त्याला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झालीय. मग तो सकाळी सोडतो तसं जादा पेट्रोल सोडत राहतो. तुमची गाडी दोन वर्षं रोज दिवसभर पहाटेतच आहे. ऑइल घट्ट राहतं, ते ढवळण्यात ताकद जाते. जादा पेट्रोल प्लगवर काजळी धरतं आणि रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांबून आल्यावर गाडी थोडी निवू द्या, ऑइलची दांडी ओढा आणि नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर मी म्हणतो तेच आहे. पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही एकाच वाटेने गेलेत, आणि येतील तेही त्याच वाटेने.

थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आमच्या पिढीच्या मेकॅनिकची. 'आपला मुलुख गरम, कशाला पाहिजे' हे वाक्य मीही गिऱ्हाइकाला ऐकवलंय. कार्बोरेटरच्या गाडीत ते थोडंफार खपून जायचं. इंजेक्शनच्या गाडीत खपत नाही. नवा ओरिजिनल थर्मोस्टॅट बसवा, सोबत ऑइल, ऑइल फिल्टर आणि प्लग बदला. पण थांबा, मुळात घाटात गाडी गरम का झाली होती? ते कारण अजून आतच बसलंय. रेडिएटरचा फॅन कितीव्या अंशाला सुरू होतो ते स्कॅनर लावून बघायला सांगा. रेडिएटरची कॅप दाब धरते का, वॉटर पंप गळतो का, आणि रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी तर ओतलं नाही ना. तुमच्या भागातलं बोअरचं पाणी बादलीवर पांढरा थर चढवतं, रेडिएटरच्या नळ्यांमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. कूलंटच वापरा.

एवढं करूनही १६ च्या पुढे गेली नाही तर ब्रेक बघा. सकाळी मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर जा, शेवटी ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या, उतरून चारी व्हीलच्या मधल्या भागाजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता न्या. एक व्हील बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम असेल तर कॅलिपरच्या पिना गंजून पॅड धरून बसलेत. माझ्याकडे ॲव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या गाड्यांत इंजिनाच्या खालोखाल हेच सापडतं. हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी गार असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे.

आणि ॲव्हरेज मोजा ते टाकी फुल्ल करून. डॅशबोर्डवरचा आकडा सहसा आशावादी असतो. तोच पंप, तीच मशीन, नोझलची पहिली टक् झाली की थांबा. पोऱ्या राऊंड फिगर करायला लागला तर हात धरा. अशा तीन टाक्यांची सरासरी काढा. एसटीत आम्ही केपीटीएल काढायचो, दहा लिटरला किती किलोमीटर, आणि तेही ड्रायव्हरच्या नावानिशी. एकाच रूटवर, एकाच गाडीवर एक ड्रायव्हर ४८ काढायचा आणि दुसरा ४३. ४८ वाला पुढचा स्टॉप दिसायच्या आधीच पाय उचलायचा. ४३ वाला स्टॉपपर्यंत रेटायचा आणि मग सगळा वेग ब्रेक लायनरवर घासून टाकायचा. वेळेवर दोघेही पोचायचे.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताकद पेट्रोलमधूनच येते, मग कंपन्या नव्या मॉडेलमध्ये ताकद आणि मायलेज दोन्ही वाढवल्याचं सांगतात ते कसं शक्य आहे? ही जाहिरातबाजी का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : जाहिरातबाजी नाही. वर जन्मजात चांगली म्हैस म्हटलं ती हीच. स्विफ्टचं उदाहरण घे. २०२१ मध्ये तिचं १२०० सीसीचं इंजिन बदललं. ताकद ८३ पीएसवरून ९० झाली आणि प्रमाणित मायलेज २१.२१ वरून २३.२० वर गेलं. पेट्रोलची उष्णता तीच, वाया जाणारी कमी केली.

कशी, तर पहिली गोष्ट कॉम्प्रेशन. नव्या इंजिनात ते १२ ला १ आहे. मिश्रण जितकं दाबून पेटवशील तितकं त्याच उष्णतेतून पिस्टनला जास्त ढकलणं मिळतं. तुम्हाला ऑटो सायकलचं, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या चक्राचं, सूत्र पहिल्याच वर्षी शिकवतात, ते फळ्यावरून बॉनेटखाली आलं ते असं. पण जास्त दाबलं की मिश्रण स्पार्कच्या आधी किंवा भलतीकडेच पेटतं, इंजिन टिणटिण वाजतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात. ते टाळायला सिलिंडरमागे दोन इंजेक्टर दिले, पेट्रोल जास्त बारीक फवारलं जातं आणि आतली हवा गार होते. शिवाय एक्झॉस्टचा थोडा वायू गार करून परत आत सोडला, तोही जळण्याचं तापमान आटोक्यात ठेवतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायची सोय आली, मायलेजमधली काही वाढ तिची.

यातलं काहीच जुन्या गाडीला वरून बसत नाही. आणि २३.२० हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी पळवून काढलेला आहे, एसी बंद ठेवून, ठरलेल्या चक्रात, ज्यात वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम. आपल्या गाडीशी भांडायला वापरू नकोस. तू पुण्यात आहेस, गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवरच आहे. कॉलेजतर्फे भेट ठरवता येते का बघ आणि डायनॅमोमीटरवर, म्हणजे त्या रोलरवर, पळणारी गाडी एकदा डोळ्यांनी पाहा. जागेवर उभी असते आणि ताशी ८० ने धावत असते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चहा थंड झाला होता.

प्रश्न : पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून माझ्या २०१७ च्या गाडीचं ॲव्हरेज १८ वरून १५.५ झालं. यावर उपाय काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तक्रारीतला काही भाग खरा आहे, सगळा नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण तुम्ही त्याआधी निव्वळ पेट्रोलवर नव्हता. २०२२ मध्येच देशात १० टक्के मिश्रण झालं होतं. तेव्हा १० वरून २० वर येताना बसलेला फटका तीन-साडेतीन टक्क्यांचा. १८ चे १७.४ झाले तर बोट इथेनॉलकडे दाखवा, त्याखालचे दोन किलोमीटर गाडीत शोधा. मागच्या वर्षभरात टायर बदललेत का? रुंद टायर घातलेत का? मोठ्या व्यासाचे असतील तर आणखी गंमत : १६५/८० आर १४ च्या जागी १९५/६५ आर १५ घातले की चाकाचा घेर दोन-अडीच टक्के वाढतो, चाक कमी वेळा फिरतं, मीटर किलोमीटर कमी दाखवतं. गाडी तेवढीच जाते, फक्त हिशोबात मार खाते.

इथेनॉलची जमेची बाजू म्हणजे ऑक्टेन, नॉकिंग टाळायची ताकद. या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ आहे, पूर्वीचं साधं ९१ होतं. जास्त कॉम्प्रेशनसाठीच घडवलेलं इंजिन त्यातून पिकअप काढू शकतं, तुमच्या २०१७ च्या इंजिनाला त्याचा फारसा उपयोग नाही. जुन्या गाडीच्या पेट्रोल लाईनचे रबरी पाईप सहा महिन्यांनी दाबून बघा, कडक किंवा भेगाळलेले दिसले तर बदला. महिना-दोन महिने गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पंपावर निवड राहिली नाही ही तुमची नाराजी मला मान्य आहे. फक्त मी ऊसपट्ट्यातला माणूस, माझ्या दारावरूनच उसाच्या ट्रॉल्या जातात, तेव्हा यावर मी फार बोललो तर शेजारी ऐकतील.

प्रश्न : माझ्याकडे १३०० सीसीची टर्बो डिझेल आहे, ७५ पीएसची. रीमॅप केलं तर ९५ पीएस आणि ॲव्हरेज दोन किलोमीटरने जास्त, असं मित्र म्हणतो. खरं आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रीमॅप म्हणजे ईसीएममधला प्रोग्राम बदलणं. ताकदीचं खरं आहे. टर्बो डिझेलमध्ये बूस्ट, म्हणजे टर्बो आत कोंबतो त्या हवेचा दाब, आणि डिझेल वाढवलं की ताकद मिळते, साध्या पेट्रोल इंजिनात रीमॅपने हाती फारसं लागत नाही. ॲव्हरेजचं अर्धं खरं. टॉर्क वाढल्याने चढाला वरचा गिअर चालतो, तेव्हा पाय पूर्वीसारखाच राहिला तर थोडं वाढू शकतं. पाय राहतो का? २० पीएस विकत घेऊन पूर्वीसारखी गाडी चालवणारा कोल्हापूरकर मला अजून भेटायचाय.

पण एक बघा. तुमचं १३०० म्हणजे १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन असणार, त्याचाच ९० पीएसचा अवतार कारखान्यातूनच येत होता. त्यासाठी त्यांनी टर्बोच बदलला होता, पाती फिरवणारा, व्हीजीटी. नुसता आकडा बदलून भागलं असतं तर त्यांनी तो खर्च कशाला केला असता? तुमचा जुना टर्बो, जुना क्लच आणि वरून २० पीएस. आधी क्लच घसरेल. वॉरंटी संपली असेल, पण विमा आहे, पीयूसी आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलात परस्पर बदल करायला मनाई आहे. मी करून देत नाही.

प्रश्न : कोनसारखा उघडा एअर फिल्टर लावला तर?
— एक वाचक, अकलूज

उत्तर : आवाज छान येईल. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, गरम हवा विरळ असते, विरळ हवेत ताकद कमी. शिवाय अकलूजची धूळ. फिल्टरबद्दल एक गैरसमज मात्र माझाही होता. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चोंदलेला फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढतं असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे मोजलं. ॲव्हरेजमध्ये फरक नाही, कारण हवा कमी आली की ईसीएम पेट्रोलही कमी करतो. फरक पडला तो पिकअपमध्ये, ६ ते ११ टक्के. तेव्हा ओरिजिनल फिल्टर वेळेवर बदला, पण पिकअपसाठी.

प्रश्न : काका, आमचे हे आंबोली घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकतात, कधी इंजिनही बंद करतात. पेट्रोल वाचतं म्हणतात. मला भीती वाटते. कोण बरोबर?
— एक वाचक भगिनी, सावंतवाडी

उत्तर : ताई, तुम्ही. आणि गंमत म्हणजे पेट्रोलच्या हिशोबातही तुम्हीच. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल शून्य जळतं. न्यूट्रलला टाकली की इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं, तासाला अर्धा-पाऊण लिटर जातं. म्हणजे तुमचे हे वाचवायला जातात आणि जाळतात. कार्बोरेटरच्या काळात त्यांचं थोडं तरी खरं होतं. वर सगळं ओझं ब्रेकवर येतं, लायनर तापतात आणि खालच्या वळणांवर पेडल मऊ लागायला लागतं.

इंजिन बंद करणं तर सरळ घातक. दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की पेडल हलकं ठेवणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगड होतं, स्टिअरिंग जड होतं. किल्ली चुकून पूर्ण मागे फिरली तर ते लॉकही होतं.

ज्या गिअरवर तो घाट चढता त्याच गिअरवर उतरा, बहुतेक दुसरा किंवा तिसरा. हे पान त्यांना वाचायला द्या, माझं नाव पुढे करा. आणि जुलैत आंबोलीला जाणार असाल तर निघण्याआधी वायपरची रबरं बदलून घ्या, त्या धुक्यात पुढचं दिसायला हवं.